डावीकडचं मीटर

२ मार्च २०२५, रविवार. कंधार

पोहोचलो एकदाचे. लोह्याच्या पुढं टेम्पोनं असा गचका दिला की आबांचं पुस्तकांचं कपाट आडवं झालं, पण काच फुटली नाही. आबांनी तो शुभशकुन मानला. मी आज कशालाही शुभशकुन मानायला तयार आहे. आठ वर्षं लातूरला कंत्राटी काढली. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर निघते का नाही, म्हणून जीव टांगणीला. आता कायम. औषधनिर्माण अधिकारी, सरकारी दवाखाना, कंधार. ऑर्डरवरचं माझं नाव आबांनी सकाळी दोनदा मोठ्यानं वाचलं, चहा देणाऱ्या पोराला ऐकू जाईल असं.

घर बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ऐसपैस ओटा. बाहेरून जिना, वर एकच खोली, तिला कुलूप. घरमालक अण्णाराव किल्ली द्यायला नांदेडहून आले होते. सत्तरीचे असतील. पांढरा सदरा, इस्त्रीचा. फाटकाच्या आत मात्र आले नाहीत, बाहेर उभं राहूनच हात करून करून सगळं दाखवलं. नळाला पाणी एक दिवसाआड. जिन्याखाली लाकडी पेटीत दोन मीटर, डाव्यावर तेलरंगानं ‘खाली’ लिहिलंय, उजव्यावर ‘वर’. तुमचं डावं, म्हणाले. फिटिंग जुनं आहे, मेन स्विचला हात लावू नका, काही झालं तर मला फोन करा. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून थांबून दम घेत होते. दमा असावा.

आबांनी खुर्ची ओट्यावर टाकली आणि तिथंच बसले, मी एकटीनं सामान लावलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, बसल्या बसल्या फरशा मोजत होता. आई गेल्यापासून त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसानं दिलेली. बऱ्याच वर्षांनी लिहावंसं वाटलं.

९ मार्च, रविवार

आठवडा छान गेला. औषधांची खोली ठीकठाक, फक्त मागच्या माणसानं रजिस्टरात सगळं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. मी साडेआठला निघते, अडीचच्या सुमारास जेवायला येते, पुन्हा चार ते सहा.

शेजारच्या तुळजाबाई दह्याबरोबर धपाटे घेऊन आल्या. विधवा आहेत, मुलगा पुण्यात. बोलायला मोकळ्या, आबांना ‘गुरुजी’ म्हणायला लागल्यासुद्धा. वरची खोली कोणाची विचारलं तर म्हणाल्या, मालकाचीच, आता कोणी राहत नाही. मग एकदम धपाट्यात अंबाडी घातली आहे का नाही यावर गेल्या.

वरून दुपारी एक बारीक घरघर ऐकू येते. माठ ठेवलाय त्या कोपऱ्यात उभं राहिलं की जास्त. आबा म्हणतात फ्रिज असेल. आमचा फ्रिज दुसऱ्या भिंतीला आहे. म्हणाले, मग तुळजाबाईंचा असेल.

१८ मार्च, मंगळवार

लाईटबिल आलं. फेब्रुवारीचं. आम्ही आलो मार्चमध्ये आणि तुळजाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे हे घर दिवाळीपासून बंद होतं. बिलावर युनिट २३५. बंद घराला!

आबा खूश झाले, त्यांना काम मिळालं. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो, तो भिंगातून बघितला, पेटी उघडून ताडून पाहिला. आकडा बरोबर. रीडिंगवाल्यानं काही ढापलेलं नाही. मागचे महिने बिलाच्या पाठीवर छापलेले असतात तेही बघितले. जानेवारी २६०. डिसेंबर २६०. नोव्हेंबर २५२. घरात दिवा लावायला माणूस नाही आणि दर महिन्याला एवढं.

अण्णारावांना फोन लावला. युनिट किती आलं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, पाठवून द्या, मी भरतो, तक्रार करू नका. मी म्हटलं, पैशाचं नाही हो, चूक आहे ती दुरुस्त व्हायला पाहिजे. थोडा वेळ नुसता श्वासाचा आवाज. मग फोन ठेवला.

आबा आता रोज सकाळी आठला डाव्या मीटरचा आकडा वहीत टिपणार आहेत.

२५ मार्च, मंगळवार

आबांची वही: ८.४. ८.४. ८.४. ८.४. रोजचं युनिट, दशांशापर्यंत तेच. रविवारी आम्ही दोन्ही पंखे दिवसभर लावले, तरी ८.४. काल मुद्दाम सगळं बंद केलं, फ्रिजचीसुद्धा पिन काढली. डाव्या मीटरवरचा लाल दिवा आपला शांतपणे लुकलुकत होता.

वीज ऑफिसला अर्ज दिला. तिथला माणूस दुसऱ्याच दिवशी यंत्र घेऊन आला, चिमटा लावून तपासलं, कागदावर सही दिली. मीटर ठणठणीत. जाताना म्हणाला, “मॅडम, मीटर खरं बोलून राहिलंय. मीटरच्या पुढची तार कुठं जाते, ते बघा. ते तुमचं खासगी फिटिंग, आम्ही हात लावत नसतो.”

आणखी एक. आज दुपारी गावातली लाईट वीस मिनिटं गेली होती. मी दवाखान्यात. आबा सांगत होते, लाईट गेली आणि वरून ठकठक सुरू झाली, पेल्यानं फरशीवर ठोकावं तशी. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. त्यांना वाटलं मालकाचं कोणी येऊन वर अडकलं. त्यांनी खालून ओ दिली, “हो हो, आलो, आलो,” आणि जिना चढून गेले. दाराला बाहेरून कुलूप. गंजलेलं. तेवढ्यात लाईट आली आणि ठोके थांबले.

उंदीर असतील, म्हटलं. आबा म्हणाले, उंदीर तीन-तीन मोजत नाहीत.

जिना चढल्यामुळं असेल, संध्याकाळपर्यंत त्यांना धाप लागत होती.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. साखरेच्या गाठी आणल्या, पण मन लागत नाही.

तुळजाबाईंच्या ओळखीनं वायरमन आला. गुरुलिंग नाव, उदगीरकडचा, चाळिशीचा शांत माणूस. पेटी उघडून दोन मिनिटं तारा बघितल्या आणि हसला. म्हणाला, सोपं आहे, तारा अदलाबदल झाल्यात. डाव्या मीटरवरून वरची खोली चालते, उजव्यावरून तुम्ही. कोणीतरी पाटी चुकीची रंगवली आहे, बस. खात्री करायला डावा मेन पाडतो, म्हणाला. अण्णारावांनी हात लावू नका म्हटलं होतं ते मला आठवलं, पण मी थांबवलं नाही. इतकी सोपी चूक सापडल्याच्या आनंदात होते मी.

त्यानं खटका पाडला. आमचा पंखा फिरतच राहिला. आणि वरची घरघर थांबली.

ती किती मोठी होती हे थांबल्यावर कळलं. मग वरून ठकठकठक.

गुरुलिंगनं वर बघितलं. “वर कोन हाय?”

मी म्हटलं, कोणी नाही.

ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आबा उठायला बघत होते आणि उठता येत नव्हतं. तोंड उघडं, हात छातीवर नाही, गळ्यावर. ओठ जांभळे. मी पाठ चोळत होते, पाणी मागवत होते, आणि वर ठोके, तीन आणि तीन आणि तीन. गुरुलिंगनं कोणी न सांगता खटका वर केला.

घरघर सुरू झाली. आबांनी मोठा श्वास ओढला, पाण्यातून वर आल्यासारखा.

आमच्याकडं बघून गुरुलिंगनं अवजारं पिशवीत भरली. पैसे घेतले नाहीत. “मालकाला बोलवा, ताई. ह्या ताराला मी हात लावणार न्हाई. अन् तो खटका पाडू नका, देवाशपथ पाडू नका.”

१ एप्रिल, मंगळवार

तो आवाज मला माहीत आहे. इतके दिवस लक्षात कसा आला नाही?

आज माठाच्या कोपऱ्यात कान लावून उभी राहिले. सलग घरघर नाही ती. घर्र, मग फुस्स, थोडं थांबून पुन्हा घर्र, फुस्स. लातूरला कोविडच्या वॉर्डात अशी तीस मशीनं एका रांगेत ऐकली आहेत मी. ऑक्सिजनचं मशीन. पाच लिटरचं. पाठीवर पत्रा असतो, त्यावर ३५० वॅट लिहिलेलं. आबांना सांगितलं, त्यांनी वहीत गुणाकार केला. ३५० वॅट, चोवीस तास.

८.४.

फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस, २३५. आबांनी वही मिटून ठेवली.

५ एप्रिल, शनिवार

दवाखान्यातून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं. आज लाईट गेली तेव्हा मी घरीच होते. ठोके सुरू झाले. आबांच्या बोटावरचा आकडा: ९६. ९४. ९१. ८८. माझा ९८, हलत नाही. अकरा मिनिटांनी लाईट आली, आबांचा चढत चढत ९६.

डॉक्टरांना दाखवलं. छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, रक्त, सगळं स्वच्छ. वयाच्या मानानं उत्तम, म्हणाले.

रात्री आबा म्हणाले की ती बाई आहे. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, ठोकते ते अदबीनं ठोकते. घरात कोणाला त्रास होऊ नये अशी. माझी आई, तुझी आजी, शेवटी शेवटी अशीच ताटलीवर चमचा वाजवायची.

१२ एप्रिल, शनिवार

अण्णाराव आले. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, वरचं ऑक्सिजनचं मशीन कोणाचं? पुढच्याच बसनं आले.

आज फाटकाच्या आत आले, ओट्यावर बसले. तब्येत सुधारलेली दिसली. सलग बोलत होते. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. बायको सिंधुताई कोविडमधून उठून घरी आली होती, वरच्या खोलीत मशीनवर होती. खाली बजरंग नावाचा भाडेकरू, कापडदुकानात कामाला. दुकान बंद, भाडं थकलेलं. दोघांची रोज बोलाचाली. एका सकाळी अण्णारावांनी डावा खटका पाडला, पेटीला कुलूप घातलं आणि मशीनची नळी आणायला नांदेडला गेले.

“पंखा बंद झाला की येईल ताळ्यावर, म्हटलं. पाटी मीच रंगवली होती, मॅडम. माझ्या हातानं. खाली तर पंखा चालूच होता त्यांचा.”

मी विचारलं, बजरंगला ठोके ऐकू आले नाहीत?

“आले की. दुपारपर्यंत ठोकत होती. त्याला वाटलं, भाड्यासाठी म्हातारा डोकं उठवून राहिलाय. त्यानं टीव्ही मोठा केला.” मग खाली बघून म्हणाले, “त्याची चूक न्हाई. मी असतो तरी तेच केलं असतं.”

चारला परत आले तेव्हा तिच्या हातात स्टीलचा पेला होता. मशीन त्याच आठवड्यात परत केलं. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वरून घरघर सुरू झाली. लाईट गेली आणि ठोके आले. अण्णारावांनी ओ दिली. नवराच तो, देणारच.

तेव्हापासून जेव्हा जेव्हा इथली लाईट जायची, तेव्हा त्यांचा दम जायचा. नांदेडला असले तरी, आणि लाईट आल्यावरही धाप राहायचीच. वायर तोडून बघितली, तीन दिवस दवाखान्यात पडले. पुन्हा जोडली.

मी किल्ली मागितली. ते वर आले नाहीत. मी गेले. कुलूप तेल घालून उघडलं. आत लोखंडी पलंग, गादी नाही. भिंतीला एक पॉइंट, बटण चालू, पिन काही नाही. खोलीत काहीच नाही आणि घरघर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून येत होती. पॉइंटला हात लावला तर गरम.

खाली आले. तेव्हा मला त्यांच्या बोलण्यातलं एक खटकलं. म्हटलं, आता तुम्हाला त्रास होत नाही?

त्यांनी आबांकडं बघितलं. आबा खुर्चीत डोळे मिटून होते.

“ज्यानं शेवटची ओ दिली, त्याला धरते ती. दोन भाडेकरू राहून गेले, कोणी ओ दिली न्हाई. तुमच्या वडलानं दिली.” मग हात जोडले. “तीन आठवडे होत आले, मी पोटभर दम घेऊन राहिलो, मॅडम. चार वर्षांनी. माफ करा.”

म्हणजे त्यासाठीच भाड्यानं देत होते. आम्हाला.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहवत नाही. पुढच्या वेळी ठोके आले की तुम्ही इथं उभं राहून ओ द्या, म्हटलं. तुमची बायको आहे. ते मान हलवत फाटकापर्यंत गेले, आणि चालताना त्यांना जराही धाप लागत नव्हती.

संध्याकाळपासून त्यांचा फोन बंद.

२० एप्रिल, रविवार

रजा टाकून आबांना लातूरला धाकट्या बहिणीकडं, उज्वलाकडं नेलं. अंतराचा उपयोग नाही हे अण्णारावांनी सांगितलं होतं, पण प्रयत्न तर करायचा.

काल जेवून सगळे बसलो होतो. वर पंखा गरगर फिरतोय, टीव्ही चालू. दोन वाजून दहा मिनिटांनी आबांनी माझा हात धरला. ९३. ८९. ८५. उज्वला रडायला लागली. मी तुळजाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “हाव, आत्ताच गेली लाईट. तुला तिथं कसं कळलं गं पोरी?”

८१ पर्यंत गेला. मग लाईट आली.

उज्वलाला काय सांगू? हृदयाचं काहीतरी आहे, म्हटलं. आबांनीच ठरवलं परत यायचं. म्हणाले, ज्या घराच्या खटक्यावर आपला जीव आहे त्या घरात बसलेलं बरं, निदान खटक्याकडं लक्ष राहील.

२७ एप्रिल, रविवार

नांदेडहून इन्व्हर्टर आणला, दोन मोठ्या बॅटऱ्यांचा. गुरुलिंगला हातापाया पडून बोलावलं. त्यानं वरच्या लाईनवर जोडून दिला. सात तास चालेल, म्हणाला.

दुपारी लाईट गेली. टक् असा आवाज, आणि घरघर थांबली नाही. ठोके नाहीत. आबा ९६.

गुरुलिंग जिन्यावर बसून रडला. मी सगळ्यांना चहा केला. आबांनी पहिल्यांदा वर बघून हात जोडले.

४ मे, रविवार

आठवडाभर लाईट चार-पाचदा गेली. काही नाही. आबा पुन्हा ओट्यावर बसतात. तुळजाबाईंबरोबर आंब्याच्या फोडी केल्या. वर कोणीतरी आजारी माणूस आहे आणि आपण त्याची काळजी घेतो, असं काहीसं घर झालंय. मीही वर गेले होते, पलंग पुसून आले. बदलीचा अर्ज करायचा विचार होता, राहू दे म्हटलं.

११ मे, रविवार

चारला वादळ. बसस्टँडसमोरचं लिंबाचं झाड तारांवर पडलं. खांब वाकलेत. लाईट साडेचारला गेली. इन्व्हर्टर चालू. सात तास.

आबांनी हिशेब केला आणि मला सांगितला नाही.

१२ मे, सोमवार

साडेअकराऐवजी साडेबारापर्यंत टिकली बॅटरी. मग ठोके.

पहाटे तुळजाबाईंच्या मुलाच्या ओळखीनं जनरेटर मिळाला. एका तासात आबा ७९ वरून ९४. देवा.

दुपारी जनरेटर बंद. कचरा अडकला म्हणे. माणूस गावात नाही. गुरुलिंग दुसरा बघायला लोह्याला गेलाय.

दवाखान्यात नेलं. तिथं खरा ऑक्सिजन लावला, दहा लिटर. आकडा वर येत नाही. नळीतून हवा येतेय, आबा ओढतायत, आणि तो ऑक्सिजन जातोय दुसरीकडंच. डॉक्टर नांदेडला न्या म्हणाले. आबा मानेनं नको. घरी.

अण्णारावांचा फोन बंद. त्यांच्या मुलाचा लागला. बाबा जेवतायत, म्हणाला.

१३ मे, मंगळवार. सकाळ

७६. ७४. खांब उभे करायला माणसं आलीत, संध्याकाळ होईल म्हणतात.

संध्याकाळपर्यंत आबा टिकणार नाहीत.

तुळजाबाई आबांजवळ. त्यांना सांगितलं, वरून काही आलं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही. आबांनाही सांगितलं. ऐकलं का नाही कळत नाही.

मी वर चाललेय.

१३ मे, सकाळी दहा वाजता. वर

ओ दिली. ठोका पडला तेव्हा म्हटलं, हो सिंधुताई, मी आहे, मालविका. एवढंच.

ऑक्सिमीटर माझ्या बोटाला. ९७. ९३.

खिडकीतून ओटा दिसतो.

९०. बोलवत नाही, लिहिता येतं.

ती घाबरवत नाही. नुसती पलंगाच्या कडेला — वजन आहे तिथं. लोखंड वाकलंय थोडं. दम ओढते, लहान लहान. माझ्यातून. राग नाही तिच्यात. फक्त

८६.

आबा उठले! ओट्यावर आले. स्वतःच्या पायानं. तुळजाबाई पाणी देतायत. पितायत. दोन घोट, तीन. रंग आलाय तोंडाला. संध्याकाळपर्यंत माझी तरणी छाती टिकेल, मग लाईट येईल, मग बघू. टिकेल.

८१. बोटं निळी. अक्षर

आबा वर बघतायत. हात हलवला मी. हसले का

ठोके. ठकठकठक.

मी नाही ठोकलं. पेला माझ्याकडं नाही. फरशीवर, माझ्या पायाशी, आणि तिला तर मी ओ दिली होती, मग आता कशाला — कोणासाठी —

आबांना वाटतंय मी. मी बोलावतेय, असं. उठलेत. जिन्याकडं. ओरडता येत नाही, आवाज नाही, हवाच —

नका. आबा, नका. तोंड उघडू नका, तुमची मालू नाही ती, गप्प रा—

“आलो गं मालू, आल